दोन रात्रींचे लाइट आणि एक सही

मुंबईत २३ मिनिटांची एक फिल्म तयार झाली, एका बऱ्या महोत्सवात निवडली गेली, आणि निवडीचा ईमेल येऊन आठवडाही उलटला नव्हता तोच प्रश्न उभा राहिला: ही फिल्म कोणाची? या प्रकरणात चोर कोणी नाही. सगळे एकमेकांना ओळखतात, एकमेकांच्या घरी गणपतीला जातात. म्हणूनच ते लिहून ठेवावंसं वाटलं. मी निर्मितीच्या बाजूला काम करतो. बजेट, परवानग्या, बिलं. असे कागद नजरेखालून बरेच जातात. त्यातला हा एक, संबंधितांना विचारून आणि ओळख पटेल असं सगळं गाळून.

ती, आणि तिचा वेळ

दिग्दर्शिका २७ वर्षांची, अकोल्याची. कॉलेजात एकांकिका केल्या, स्पर्धेच्या रात्री नेपथ्य टेम्पोत चढवता चढवता दिग्दर्शन शिकली. फिल्म स्कूलची फी झेपणारी नव्हती. मुंबईत ज्याची कोणाशी ओळख नाही त्याला एक दार बहुतेक वेळा उघडं सापडतं, मालिकेतल्या एडीचं, म्हणजे सहायक दिग्दर्शकाचं. त्याच दारातून ती आत आली. शिफ्ट बारा तासांची म्हणायची, प्रत्यक्षात मढच्या सेटवर पोहोचायचे आणि तिथून चारकोपला परतायचे तास धरले तर दिवस संपलेला असतो. काम कंटिन्युइटीचं: मागच्या सीनमध्ये पदर कुठल्या खांद्यावर होता, कपात चहा किती होता, कुंकू गोल होतं की लांबट. पैसे नव्वद दिवसांनी. म्हणजे जूनमध्ये राबायचं आणि सप्टेंबरअखेर हातात पडायचं. घरमालकाला मात्र पाच तारखेला भाडं लागतं. वन बीएचकेमध्ये तिघी राहतात म्हणून ते निभतं.

मुंबईतल्या तरुण फिल्ममेकरचं सर्जनशील आयुष्य म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे वर्सोव्याची कॅफे आणि आरामनगरमधली ऑडिशनची गर्दी येते. हिचं लिखाण व्हायचं ते चॅनेलकडे एपिसोडची बँक भरली, म्हणजे पुढचे भाग आगाऊ जमा झाले की. बँक भरली की दोन-तीन दिवस शूट थांबतं, आणि तेवढंच काय ते स्वतःचं. अशा तुकड्यातुकड्यांतून पटकथा पुरी व्हायला दीड वर्ष गेलं. नंतर तिच्याशी बोलताना लक्षात आलं की तिची खरी अडचण वेळेच्या कमतरतेपेक्षा वेळ कधी मिळेल हे माहीत नसण्याची होती. उद्या सुट्टी आहे हे रात्री अकराला कळतं. अशा सुट्टीत माणूस झोपतो, लिहीत नाही. तरीही तिनं लिहिलं, आणि पुरं झाल्यावर स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवलं. सगळ्या प्रकरणात हक्कांबाबत वेळेवर झालेला कागद हा एवढाच. पुढे त्यानंच तिला हात दिला.

फिल्मची गोष्ट साधी आहे. लोअर परळच्या एका काचेच्या टॉवरमध्ये रात्रपाळी करणारा लिफ्टमन, राहायला वरळीच्या बीडीडी चाळीत. दिवसभर लोकांना वर-खाली नेणारी लिफ्ट रात्री त्याच्या एकट्याची असते. घरी १६० चौरस फुटांत पाच माणसं. चाळ पडणार आहे, त्या जागी ५०० चौरस फुटांचं घर मिळणार आहे, आणि त्याच्या बापाला ते नको आहे. का नको, ते बाप शेवटपर्यंत सांगत नाही. मला ही जागा फिल्ममध्ये सगळ्यात जास्त आवडली.

बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं १९२० च्या दशकात बांधलेल्या या चाळी वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडीला आहेत. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग इथे म्हाडाकडून पुनर्विकास सुरू आहे. वरळीत पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्या गेल्या. तिचं शूट त्याच्या आधीचं. ज्या इमारतीत खोली मिळाली तिथले निम्मे बिऱ्हाडकरू संक्रमण शिबिरात गेले होते. शूट पुढे ढकललं असतं तर लोकेशनच उरलं नसतं. त्यामुळे पैसे जमेपर्यंत थांबायची चैन तिला नव्हती. एरवी अशा फिल्ममध्ये लोक दोन वर्षं निर्माता शोधतात. हिच्याकडे दोन महिने होते.

पैसे कुठून आले

रोख खर्च २,८५,००० रुपये झाला. त्यातले १,४०,००० तिच्या साठवणीतले, ८०,००० मामानं दिलेले, ६५,००० रूममेटकडून उसने. एवढ्यात प्रवास, जेवण, कलाकारांचं जाण्यायेण्याचं भाडं, हार्ड डिस्क, चाळ कमिटीला दिलेली वर्गणी आणि साउंड मिक्सिंग बसलं. बाकी सगळं फुकट. कॅमेरा डीओपीचा, म्हणजे छायाचित्रकाराचा, स्वतःचा; हा डीओपी तिच्याच कॉलेजचा. एडिटर एका पोस्ट स्टुडिओत नोकरी करतो, रात्री मशीन रिकामं असतं. कलाकार एकांकिकेच्या ग्रुपमधले.

उरले लाइट आणि साउंडचं किट. ती ज्या प्रॉडक्शन हाउसच्या मालिकेवर काम करत होती त्याच्या मालकाला तिनं विचारलं. सर स्वतः नाटकातून आलेले, मोकळे. "घेऊन जा गं. दोन रात्रींचंच तर आहे. तू आपलीच आहेस." एवढंच बोलणं झालं. बाजारभावानं या सामानाचं दोन रात्रींचं भाडं माणसांसकट पन्नास हजारांच्या आसपास गेलं असतं.

गोडाऊनवर मात्र रीतसर काम झालं. गोडाऊनच्या दादानं सवयीप्रमाणे चलान फाडलं. कार्बनवाली वही, गुलाबी प्रत घेणाऱ्याला. त्यावर सामानाची यादी: दोन एलईडी पॅनेल, चार ट्यूब, स्टँड, वाळूच्या पिशव्या, रेकॉर्डर, बूम माइक, दोन लेपल (कपड्याला लावायचे छोटे माइक). खाली भाड्याच्या रकान्यात "निल", घेणाऱ्याच्या नावापुढे तिचं नाव, आणि मोडतोड झाल्यास भरपाई कोणाकडे, या ओळीवर तिची सही. एक लेपल तुटला. तो तिनंच भरून दिला, ४,५०० रुपये, यूपीआयनं. ही गुलाबी प्रत तिनं फेकली नाही, कारण ती कंटिन्युइटीवाली आहे. कागद फेकायचा नसतो हे तिच्या बोटांत बसलंय.

शूटबद्दल थोडं सांगतो, कारण पुढची एक कटकट तिथून निघाली. आवाज जागेवरच पकडायचा असा तिचा हट्ट होता. निम्मी चाळ रिकामी असल्यानं व्हरांड्यात आवाज घुमायचा, पावलं मोठी ऐकू यायची, आणि तेच तिला हवं होतं. पण उरलेली निम्मी चाळ जगत होती. बापाच्या सगळ्यात चांगल्या टेकमध्ये भिंतीपलीकडे शेजाऱ्याच्या टीव्हीवर एक गाजलेलं सिनेमाचं गाणं लागलं. कॅमेऱ्यामागे सगळे खूष, गाणं प्रसंगाला इतकं चपखल बसलं होतं. गाण्याचे हक्क म्युझिक कंपनीकडे. परवान्याची चौकशी केल्यावर जो आकडा समोर आला त्यात आणखी एक शॉर्ट फिल्म झाली असती. शेवटी त्या टेकचं चित्र ठेवलं, आवाज दुसऱ्या टेकचा बसवला, आणि भिंतीपलीकडे खालच्या मजल्यावरच्या भजनी मंडळाचा अभंग लावला. तुकोबांचे शब्द कोणाच्या मालकीचे नाहीत. पण गाणारे गळे जिवंत माणसांचे आहेत, त्यांची परवानगी लागते. ती घेतली होती, पण फक्त तोंडी.

कागद

महोत्सवाच्या निवडीची बातमी तिनं इन्स्टावर टाकली. सरांनी फोन करून मनापासून अभिनंदन केलं. मग ऑफिसमधून दोन पानांची पीडीएफ आली, "फॉर्मॅलिटी आहे, सही करून पाठव" अशा निरोपासकट.

पहिल्या पानावर लिहिलं होतं की फिल्मची निर्मिती कंपनीनं केली आहे, दिग्दर्शिकेची नेमणूक कंपनीनं केली आहे, मोबदला उपकरणांच्या रूपानं पोचला आहे. सगळे हक्क कंपनीचे, कायमचे, संपूर्ण विश्वात. हे विश्व वगैरे विनोद नाही, परदेशी करारांची नक्कल करताना ते आपल्याकडे आलं आणि मुक्कामालाच राहिलं. मंगळावर कोणी शॉर्ट फिल्म दाखवली तर ओशिवऱ्याला, कंपनीच्या ऑफिसात, पैसे येतील. दिग्दर्शक म्हणून तिचं नाव राहणार होतं. पुरस्काराची रक्कम आली तर निम्मी.

दुसरं पान तिनं चाळलंही नव्हतं. तिथे मधल्या परिच्छेदात एक ओळ होती: कथा, पटकथा आणि त्यांवर आधारित पुढे होणारी कोणतीही कलाकृती हीही कंपनीची.

या ओळीपाशी मी थांबलो. तरुण दिग्दर्शक शॉर्ट फिल्म पैशासाठी करत नाही. शॉर्टमधून पैसे मिळत नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे. ती एक नमुना असते: बघा, हे जग मला माहीत आहे, ही माणसं मला हाताळता येतात, आता दोन तासांची करायला द्या. हिच्या लॅपटॉपमध्ये याच लिफ्टमनच्या बापाची पूर्ण लांबीची गोष्ट अर्धी लिहून पडली होती. गोव्यात एनएफडीसी ही सरकारी चित्रपट संस्था २००७ पासून जो फिल्म बाजार भरवते तिथे ती न्यायचा तिचा विचार होता. अशा ठिकाणी सहनिर्माता उभा राहिला की त्याचा वकील आधी विचारतो, मूळ हक्क कोणाकडे आहेत, कागद दाखवा. ती सही झाली असती तर स्वतःच्याच डोक्यातल्या गोष्टीवर फिल्म करायला तिला सरांकडून परवानगी विकत घ्यावी लागली असती. पन्नास हजारांच्या लाइटच्या बदल्यात.

अकोल्याला आईला फोन केला तर आई म्हणाली, "मले तर काही समजून नाही राहिलं, पण ज्या कागदाची एवढी घाई असते तो दोनदा वाचावा." वकिलाच्या फीच्या मानानं सल्ला स्वस्तात पडला.

सही न करणं सोपं नव्हतं. याच कंपनीकडून मागच्या शेड्यूलचे तिचे ७२,००० यायचे होते. आणि पुढच्या वेब सिरीजवर तिला चीफ एडी करायचं बोलणं झालं होतं.

सरांची बाजूही मांडली पाहिजे. त्यांच्या मते ज्यानं साधनं दिली तो निर्माता, धंद्यात असंच चालतं. याआधी दोघा-तिघांना त्यांनी अशीच मदत केली होती, आणि नाव झाल्यावर त्यांनी यांचा फोन उचलला नव्हता. शिवाय एका ओटीटीला प्रस्ताव द्यायचा होता, तिथे कंपनीच्या माहितीपत्रकात महोत्सवात गेलेली एक फिल्म असणं कामाचं होतं. यातलं काहीच दुष्टपणाचं नाही. पीडीएफ बहुधा त्यांनी स्वतः वाचलीही नसावी. ऑफिसातल्या कोणीतरी जुन्या करारात नावं बदलून पाठवली असणार. पण सही केल्यावर कागद कोणी वाचला होता याला अर्थ उरत नाही.

कायद्यात निर्माता म्हणजे कोण

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. चित्रपटाचा कर्ता कोण, याला त्या कायद्यात दिग्दर्शक असं उत्तर नाही. निर्माता असं आहे. दिग्दर्शकाला या व्याख्येत जागाच नाही. २०१० च्या दुरुस्ती विधेयकात मुख्य दिग्दर्शकाला निर्मात्याबरोबर संयुक्त कर्ता मानायचा प्रस्ताव होता. २०१२ मध्ये दुरुस्ती झाली तेव्हा तो गळाला. फिल्म महोत्सवांत दिग्दर्शकाच्या नावानं ओळखली जाते आणि कायद्यात निर्मात्याच्या, हे आपल्याकडे फार थोड्या नवख्या मुलामुलींना ठाऊक असतं.

मग निर्माता कोण? कायदा म्हणतो, कृती घडवण्यासाठी ज्यानं पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली तो. साधनं कोणाची होती, हे व्याख्येत नाही. दुसरीकडे असंही कलम आहे की कोणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन चित्रपट केला असेल तर वेगळा करार नसताना पहिली मालकी सांगणाऱ्याची. पीडीएफमध्ये "नेमणूक" आणि "मोबदला पोचला" ही वाक्यं का होती ते इथे कळतं. सही केली की तिनं स्वतःच्या हातानं लिहून दिलं असतं की मी सांगकामी होते.

फाळक्यांना हा प्रश्न पडला नाही. १९१३ च्या त्या पहिल्या चित्रपटाला विमा पॉलिसी त्यांची गहाण पडली, दागिने पत्नी सरस्वतीबाईंचे गेले. घरातलाच पैसा, घरातलाच निर्माता. १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीत भागीदार आले आणि खटके उडायला लागले. फाळके वैतागून काशीला निघून गेले, मग परतले. पुढाकार एकाचा आणि पैसा दुसऱ्याचा, हे आपल्या सिनेमाचं जुनंच दुखणं आहे.

पुराव्याच्या अंगानं हिची बाजू बळकट होती. चाळ कमिटीला दिलेलं पत्र तिच्या सहीचं, पोलीस ठाण्याला दिलेलं पत्र तिच्या सहीचं, पैसे तिच्या खात्यातून गेलेले, महोत्सवाची प्रवेश फी तिच्या कार्डावरून. आणि ती गुलाबी प्रत. सामान मोडलं तर भरून द्यायची जबाबदारी कोणाची, हे कंपनीच्याच गोडाऊननं लिहून घेतलं होतं, आणि लेपलच्या वेळी वसूलही केलं होतं. शिवाय पटकथा ही वेगळी साहित्यकृती. तिची कर्ती ती स्वतः, नोंदणीची तारीख शूटच्या कितीतरी आधीची. उद्या कोणी कंपनीला निर्माता मानलं असतं तरी पटकथेचा हक्क लेखी दिल्याशिवाय सरकला नसता.

पण तिचं स्वतःचं घर तरी कुठे आवरलेलं होतं? महोत्सवाच्या फॉर्मवर "सर्व हक्क माझ्याकडे आहेत" या चौकटीत तिनं बरोबरची खूण केली होती. प्रत्यक्षात डीओपी, एडिटर, कलाकार, भजनी मंडळ, एकाकडूनही दोन ओळी घेतलेल्या नव्हत्या. कलाकाराच्या सादरीकरणालाही कायद्यानं हक्क आहेत. त्यानं लेखी संमती दिली की निर्माता निर्धास्त होतो, नाही दिली तर टांगती तलवार राहते. सरांना नाही म्हणायच्या आधी तिला हे उरकायचं होतं. माझं म्हणणं एवढंच होतं की भांडायला जाताना खिसे तपासून जावं.

मग तीन आठवडे ती सह्या गोळा करत फिरली. कलाकारांचं सोपं झालं, चहावर झालं. स्टॅम्प पेपरचं मात्र सगळ्यांना नवल. ऑक्टोबर २०२४ पासून शंभरचा बंद होऊन पाचशेचा आलाय हे कोणाला माहीत नव्हतं, आणि आठ जणांचे आठ म्हटल्यावर ती हबकलीच. कलाकारांची संमतीपत्रं साध्या कागदावर घेतली, फक्त डीओपी आणि एडिटर यांचे करार स्टॅम्पवर केले. भजनी मंडळाच्या काकांनी अट घातली, "नाव माझं एकट्याचं नको, मंडळाचं टाका. आणि मंडळाचं पूर्ण नाव टाका." ते नाव इतकं लांब आहे की श्रेयनामावलीत दोन ओळी खातं.

मामा दुखावला. "भाचीला पैसे दिले, त्याची कसली सही?" त्याला समजावलं की ही सही त्याच्यावर अविश्वास म्हणून नाही. आईचा भाऊ आयकराच्या भाषेत नातेवाईक असतो, त्यानं दिलेली भेट कितीही असली तरी करमुक्त. फक्त ती भेट आहे, गुंतवणूक नाही, एवढं कागदावर असावं. रूममेट नातेवाईक नाही. तिचे ६५,००० भेट म्हणून दाखवले असते तर पन्नास हजारांची मर्यादा ओलांडून सगळी रक्कम करपात्र झाली असती. ते कर्जच होतं, कर्ज म्हणूनच लिहिलं, परतफेडीच्या तारखेसह. रूममेटनं सही करताना विचारलं, "म्हणजे आता मी फिल्मची निर्माती नाही का?" अर्ध्या थट्टेत विचारलं होतं. अर्धं खरं होतं.

ओशिवऱ्याची बैठक

ती एकटीच गेली. मी बरोबर गेलो असतो तर सरांना ते आव्हान वाटलं असतं. तिच्या हातात एक पान होतं, मराठीत. कंपनीनं लाइट आणि साउंड देऊन मदत केली त्याबद्दल सुरुवातीच्या श्रेयांमध्ये स्वतंत्र पाटी. हवं असल्यास कंपनीनं भाड्याचं बिल काढावं, ४४,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५१,९२०. ती सहा हप्त्यांत देईल. नाहीतर फिल्ममधून पुढेमागे निव्वळ उत्पन्न झालंच तर त्यातला दहावा हिस्सा, भाड्याच्या दुपटीपर्यंत. हक्क मात्र तिच्याकडे.

सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तू वकील कधी झालीस?"

"सर, तुम्हीच शिकवलंत, रजिस्टरमध्ये नसेल तर सीन झालाच नाही."

हे उत्तर तिनं आधी घोकून ठेवलं होतं, असं तिनं मला नंतर सांगितलं. सर हसले. बिल नको म्हणाले, भाचीकडून कोणी भाडं घेतं का, असंही म्हणाले (या फिल्मला मामा जरा जास्तच झाले). त्यांना हवं होतं ते "प्रस्तुत" असं कंपनीचं नाव अगदी सुरुवातीला, आणि माहितीपत्रकात फिल्मचा उल्लेख करायची मुभा.

तिनं ते दिलं. एका पानाचा करार झाला: प्रस्तुतकर्ता म्हणून नाव, त्यातून मालकी, कॉपीराइट किंवा पटकथेवर कोणताही हक्क निर्माण होत नाही.

इथे आमचं एकमत नाही. माझ्या मते पाटी "सहकार्य" एवढीच असायला हवी होती. महोत्सवाच्या कॅटलॉगमध्ये "प्रस्तुत" वाचणारा माणूस करार वाचत नाही. तो समजतो, फिल्म यांची. पुढच्या फिल्मच्या वेळी या फिल्मची निर्माती कोण म्हणून विचारलं जाईल तेव्हा पहिली ओळ दुसऱ्याच्या नावानं जाईल. तिचं म्हणणं वेगळं. तिच्या दृष्टीनं नाव हीच त्या मदतीची किंमत होती, आणि ती मदत नसती तर चाळ पडून गेली असती, फिल्म झालीच नसती. पैसे नको आणि मालकी नको म्हणणाऱ्या माणसाला तेवढं नाव द्यायला हात आखडता घेणं तिला जमलं नाही. ७२,००० अडकलेले होते, हेही होतंच. ते दोन हप्त्यांत आले, दुसरा हप्ता सहीनंतर चार दिवसांनी. वेब सिरीजवर चीफ एडी दुसरा मुलगा झाला. कोणी तिला काढलं नाही. फोन आला नाही, इतकंच. मुंबईत काम असंच जातं. ती आता जाहिरातींवर फ्रीलान्स करते. दिवसाचे पैसे जास्त, दिवस कमी, आणि बँक भरायची वाट न बघता लिहायला आठवडेच्या आठवडे मिळतात. हे तिच्या बेतात नव्हतं.

त्यानंतर

महोत्सवात फिल्म पाहून एका ऑनलाइन चॅनेलनं विचारणा केली. ७५,००० रुपये, हक्क कायमचे, आणि पुढच्याच महिन्यात अपलोड. आता तिला कागद वाचता येत होता. आणखी दोन महोत्सवांचे निकाल यायचे होते, आणि बऱ्याच मोठ्या महोत्सवांना नेटवर आधीच सगळ्यांसाठी खुली असलेली फिल्म स्पर्धेत चालत नाही. तिनं हक्क विकण्याऐवजी दोन वर्षांचा परवाना देऊ केला, महोत्सवांची फेरी संपल्यावर सुरू होणारा. मुदत, प्रदेश, भाषा सगळं लिहून. मुदत न लिहिता हक्क दिले तर कायदा पाच वर्षं धरतो आणि प्रदेश न लिहिला तर भारतापुरता धरतो, ही सोय कर्त्याच्याच बाजूची आहे; पण "कायमचे" असं स्वतः लिहून दिलं की तिचा उपयोग नाही. चॅनेलनं रक्कम ४०,००० वर आणली. तिनं घेतली. रूममेटचे पैसे फिटायला सुरुवात झाली.

बापाची मोठी गोष्ट लिहून होत आली आहे. बाप त्या नव्या घराला नको का म्हणतो, हे मोठ्या फिल्ममध्ये तरी कळणार का, असं मी विचारलं. नाही म्हणाली.

मध्ये जाहिरातीच्या दोन कामांच्या फटीत तिनं सात मिनिटांची एक लहानशी फिल्म केली, माहीमच्या किनाऱ्यावर, कॅमेरा आणि तीन माणसं. या वेळी रेकीच्या, म्हणजे लोकेशन बघायच्या, दिवशीच सगळ्यांचे कागद झाले, चहा आणणाऱ्या स्पॉटदादाचासुद्धा. फक्त डीओपी अडून बसला. आधीच्या फिल्मचं कलर ग्रेडिंग, म्हणजे शेवटी रंग आणि उजेड जुळवायचं काम, त्याला न विचारता झालं होतं, रात्रीचे सीन त्याच्या मते नको तेवढे उजळ केले होते, आणि तो राग त्यानं मनात ठेवला होता. शेवटच्या ग्रेडला तो हजर असल्याशिवाय फिल्म कोणालाही पाठवायची नाही, हे कलम पेनानं घालून घेतल्यावरच त्यानं सही केली. ग्रेडला तो दोन तास उशिरा आला.